टायमिंग बेल्ट अकाली गेला: दोष बेल्टचा की टेन्शनरचा?

प्रश्न थोडक्यात असा. २००९ ची सॅन्ट्रो झिंग, पेट्रोल. गाडी मालवणजवळच्या गावी असते, मालक मुंबईत. गावचा भाऊ आठवड्यातून एखाद-दोनदा बाजारापुरती काढतो. तीन वर्षांपूर्वी टायमिंग बेल्ट (इंजिनातले क्रँक आणि कॅम हे दोन दांडे जुळवून फिरवणारा दातेरी पट्टा) आणि टेन्शनर (त्या बेल्टला ताण देणारी पुली) दोन्ही नवे टाकले. त्यानंतर गाडी जेमतेम १६,००० किमी चालली आणि कसालजवळ महामार्गावर एकाएकी बंद पडली. कव्हर उघडल्यावर दिसलं की बेल्ट तुटलेला नाही, पण सलग आठ-दहा दात मुळातून सोलून गेलेत. टेन्शनरची पुली हाताने फिरत नाही आणि तिच्या भोवती लाल भुकटी आहे. गॅरेजवाल्याच्या मते बेल्ट डुप्लिकेट होता. हे खरं का, आता काय काय बदलायचं आणि यापुढे किती किलोमीटरवर बदलायचं, असे तीन प्रश्न आहेत.

डुप्लिकेट बेल्ट बाजारात असतात, हे खरं. पण तुम्ही जे वर्णन दिलंय त्यात बेल्ट हा गुन्हेगार दिसत नाही. टेन्शनरचं बेअरिंग आधी गेलं आणि त्याने बेल्टला नेलं. बेल्ट आपणहून, वय पूर्ण करून मेला असं फार कमी वेळा होतं. बहुतेक वेळा शेजारचं काहीतरी त्याला मारतं: बेअरिंग, ऑइल सील, वॉटर पंप, निसटलेला बोल्ट. ते शोधल्याशिवाय नवा बेल्ट चढवला तर तोही त्याच वाटेने जाईल. म्हणून पहिली विनंती ही की जुना बेल्ट आणि टेन्शनर गॅरेजमध्ये टाकून येऊ नका. पिशवीत घालून घरी आणा आणि उजेडात बघा.

दात सलग सोलले गेलेत ते कुठे, याचा अंदाज घ्या. क्रँकवरची (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्यावरची) दातेरी पुली कॅमच्या (वॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याच्या) पुलीच्या बरोबर अर्ध्या दातांची असते, कारण कॅम क्रँकच्या अर्ध्या वेगाने फिरतो. म्हणजे क्रँकपाशी बेल्टचे सगळ्यात कमी दात अडकलेले असतात आणि ओढ तिथूनच सुरू होते. वर काही अडकलं किंवा ताण सुटला की क्रँक फिरत राहतो, बेल्ट जागीच राहतो आणि तेवढेच आठ-दहा दात खरवडून निघतात. आता बेल्टची पाठ बघा. ती आरशासारखी चकचकीत आणि कडक झाली असेल, तर पुली काही काळ जाम होती आणि बेल्ट तिच्यावरून घासत जात होता. टेन्शनरच्या पुलीवर निळसर, जळका रंग असेल तर शंकाच नको. एक कड झिजून तिचे दोरे बाहेर आले असतील, तर बेअरिंग ढिलं होऊन पुली तिरकी झाली होती. या तीनपैकी दोन खुणा जरी मिळाल्या तरी बेल्टवाल्या दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही.

बेल्टवरच्या बाकीच्या खुणाही माहीत असलेल्या बऱ्या. दातांच्या मधल्या खोबणीतलं कापड घासून खालचे दोरे दिसत असतील, तर बेल्ट जास्त ताणलेला होता. दातांच्या बाजू गोलसर झिजल्या असतील, तर तो ढिला होता किंवा पुलीवर गंज होता. बेल्ट कात्रीने कापल्यासारखा सरळ तुटला असेल, तर तो बसवण्याआधी कुठेतरी मुडपला गेला होता, कारण आतले दोरे काचतंतूंचे असतात. ओढीला ते प्रचंड मजबूत, पण घडी घातली की मोडतात आणि बाहेरून काही दिसत नाही. खडीचा तुकडा पुलीत सापडला तरी असाच सरळ तुकडा पडतो. दोरे कमी-जास्त लांबीचे, झिंज्या सुटल्यासारखे तुटले असतील तर अति ताण किंवा पुढे काहीतरी जाम. रबर मऊ, फुगलेलं, बोटाला काळं लागणारं असेल तर ऑइल किंवा डिझेल. पाठीवर आडव्या भेगा म्हणजे उष्णता आणि वय. पण भेगा नाहीत म्हणजे बेल्ट चांगला, हा हिशोब आता सोडून द्या. तो जुन्या निओप्रीन बेल्टांचा होता. हल्लीचे एचएनबीआर रबराचे बेल्ट शेवटच्या दिवसापर्यंत नवे दिसतात.

लाल भुकटीबद्दल. कोकणात सगळ्याच गोष्टींवर लाल धूळ असते, त्यामुळे फिटर ती फुंकर मारून उडवतो आणि पुढे जातो. जांभ्याची धूळ कव्हरच्या आत सगळीकडे सारखी पसरते आणि ओल्या बोटावर तिचा चिखल होतो. बेअरिंगमधून आलेली गंजाची भुकटी एका केंद्राभोवती, बाहेरच्या दिशेने फवारल्यासारखी दिसते आणि चिमटीत खरखरते. तुमच्या वर्णनात ती पुलीच्या भोवतीच आहे. म्हणजे बेअरिंगच्या सीलमधून आत पाणी गेलं, ग्रीस धुपलं आणि गोळ्या गंजल्या.

तीन वर्षांत नवं बेअरिंग असं का व्हावं? टेन्शनरचं बेअरिंग आकाराने लहान, पण काम मोठं. त्याच्या पुलीचा व्यास क्रँकच्या दातेरी पुलीएवढा असेल तर ते क्रँकच्याच वेगाने फिरतं. आतलं ग्रीस आयुष्यभरासाठी एकदाच भरलेलं, वर दोन्ही बाजूंना रबरी ओठाचं सील. हे सील धुळीसाठी आणि उडालेल्या शिंतोड्यासाठी ठीक आहे, पाण्याच्या फवाऱ्यासाठी नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पाऊसच ३,००० मिमीच्या घरात, त्यात समुद्राची खारी हवा. एवढं असूनही टायमिंगची कव्हरं शाबूत असतील तर बेअरिंग टिकतं. गडबड होते ती इथे: मागच्या कामाच्या वेळी खालचं प्लास्टिक कव्हर परत बसवलेलंच नसतं. ते बसवायला क्रँकची बाहेरची पुली काढावी लागते. फिटर एकदा पुली चढवून बसला आणि मग कव्हर बाजूला राहिलेलं दिसलं, की ते तसंच राहतं. इंजिनाखालचा चिखलरोधक पत्रा किंवा प्लास्टिकचा तुकडाही असाच जातो, कारण दर वेळी ऑइल बदलताना तो काढायचा कंटाळा. मग पुढच्या चाकाने उडवलेलं सगळं पाणी आणि चिखल थेट बेल्टवर. तुमच्या गाडीला खालचं कव्हर आहे का आणि त्याचे सगळे बोल्ट आहेत का, हे आधी बघा. माझा पहिला संशय तिथेच आहे.

दुसरा संशय वॉशिंग सेंटरवर. पावसाळ्यानंतर गाडी धुवायला नेली की इंजिनावर दाबाचा फवारा मारतात आणि वर चमक यावी म्हणून डिझेल शिंपडतात. गंजू नये म्हणून खालून जुनं इंजिन ऑइल मारण्याची पद्धतही किनाऱ्यावर सर्रास आहे. पत्र्याला त्याने फायदा होत असेल, पण डिझेल आणि ऑइल रबराचं वाटोळं करतं, आणि बेअरिंगच्या सीलमधून आत झिरपून ग्रीस पातळ करतं. अंडरबॉडीवर काही मारायचंच असेल तर मेणासारखं कोटिंग मारून घ्या, आणि इंजिनाच्या टायमिंगच्या बाजूला प्लास्टिकची पिशवी बांधून मगच. बेल्टकडून चूं-चूं आवाज येतो म्हणून गंज सोडवण्याचा स्प्रे मारणं हा तर बेअरिंगला मारण्याचा खात्रीचा मार्ग. स्प्रेने ग्रीस विरघळतं, दोन दिवस आवाज बंद होतो आणि पंधरा दिवसांत पुली जाम.

तिसरं कारण म्हणजे गाडी उभी असणं, आणि चाकरमान्यांच्या गाड्यांमध्ये हेच सगळ्यात मोठं. इंजिन आठवडेच्या आठवडे बंद असलं की पुलीचा जो भाग बेल्टखाली नाही त्यावर गंजाचा थर येतो. मग पहिल्या फेऱ्यांत तो कानशीसारखा दातांच्या कापडावर चालतो. बेअरिंगमधलं ग्रीस एका जागी बसून तेल सोडतं. पाच मिनिटं चालू करून बंद केल्याने भलं होण्यापेक्षा नुकसानच जास्त: इंजिन कोमट होतं, कव्हरच्या आत दव धरतं आणि सुकायच्या आधी आपण चावी काढतो. त्यात उंदीर. खालचं कव्हर नसेल तर नारळाची सोडणं, चिंध्या, सुपाऱ्या असा संसार थेट बेल्टशेजारी मांडलेला सापडतो. सुपारी दाताखाली आली की बेल्ट एकदम दोन-तीन दात उडतो, म्हणजे उडी मारून पुढे सरकतो.

आणखी एक गोष्ट जी कोकणातच जास्त दिसते. पावसात हँडब्रेक लाइनरला चिकटून बसतो म्हणून लोक तो ओढतच नाहीत, गाडी गिअरमध्ये टाकून चढणीवर उभी करतात. गाडी थोडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं. उलट्या फिरण्यात बेल्टची ताणाची बाजू ढिली होते आणि सगळा भार टेन्शनरवर येतो. बेल्ट मुळात ढिला असेल तर एखादा दात उडायला तेवढं पुरेसं आहे. गिअरमध्ये ठेवा, हरकत नाही, पण चाकाला दगड किंवा लाकडाची पाचर लावा, म्हणजे भार इंजिनावर येणार नाही.

आता बसवणीतल्या चुका, कारण नवा टेन्शनर तीन वर्षांत जाण्यात त्यांचाही वाटा असू शकतो. तुमच्या गाडीचा टेन्शनर साधा, स्प्रिंगचा. यातली स्प्रिंग फक्त ताण मोजून देण्याचं काम करते. बोल्ट आवळला की टेन्शनर तिथेच पक्का होतो, पुढे स्प्रिंगचा काही संबंध राहत नाही. त्यामुळे जुनी, ताणलेली, गंजलेली स्प्रिंग वापरली तर ताण पहिल्या दिवसापासूनच कमी. पुष्कळ ठिकाणी पुली नवी आणि स्प्रिंग तीच असं होतं, कारण दुकानात पुली सुटी मिळते. उलट काही फिटर स्प्रिंगवर विश्वास न ठेवता स्क्रू ड्रायव्हरने पुली रेटून धरतात आणि आवळतात. तो अति ताण सरळ बेअरिंगवर येतो. असं इंजिन चालू केलं की गतीबरोबर चढत जाणारा घूं असा आवाज येतो. ढिल्या बेल्टचा आवाज वेगळा, कव्हरवर आपटल्यासारखा फटफट.

ताण नेहमी थंड इंजिनावर घ्यायचा. इंजिन तापलं की ब्लॉक आणि हेड (इंजिनाचा खालचा आणि वरचा भाग) फुगतात, क्रँक आणि कॅममधलं अंतर किंचित वाढतं आणि बेल्ट घट्ट होतो. काचतंतूचा बेल्ट त्या मानाने वाढत नाही. गरम इंजिनावर ताण लावला तर सकाळी थंड असताना बेल्ट ढिला असतो आणि नेमका स्टार्टरच्या पहिल्या झटक्याला दात उडवतो. घाट उतरून आलेल्या गाडीचं काम त्याच तासात उरकून देणारं गॅरेज टाळा. रात्रभर थंड होऊ द्या.

टेन्शनर जिथे बसतो ती जागा खारट हवेत खराब होते. ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर लोखंडी पाया, त्यामध्ये ओल, की पांढरी भुकटी आणि गंजाच्या पापड्या तयार होतात. त्या न खरवडता नवा टेन्शनर बसवला तर पुली केसभर तिरकी राहते, बेल्ट एका कडेला सरकतो आणि बेअरिंगवर आडवा भार येतो. वायर ब्रश, मग बारीक एमरी पेपर, मग कापडाने पुसून सरळ पट्टी लावून बघायचं. आट्यांचंही तसंच. गंजक्या आट्यांत टॉर्क रेंचने बोल्ट आवळला की रेंच टक्‌ करतो, पण तो जोर आट्यांच्या घर्षणात गेलेला असतो, पकडीत नाही. काही महिन्यांत बोल्ट ढिला होतो. आटे टॅपने साफ करून घ्या, बोल्ट नवा घ्या. पुस्तिकेत सांगितलं नसेल तर आट्यांना ऑइल लावू नका, कारण टॉर्कचे आकडे कोरड्या आट्यांसाठी असतात आणि ऑइल लावल्यावर तोच आकडा जास्त ताण देतो. आटे गेलेच असतील तर हेलिकॉइल (भोकात बसवायचे तारेचे नवे आटे) बसवून घेणं हाच मार्ग. लांब बोल्ट टाकून वेळ मारून नेऊ नका.

आता प्रत्यक्ष काम. नवा किट विकत घेण्याच्या आधी वॉल्व्ह वाकलेत का हे कळलं पाहिजे. या इंजिनात बेल्ट सुटला की पिस्टन उघड्या वॉल्व्हवर आदळतो, त्यामुळे वाकण्याची शक्यता मोठी असते. डिझेलमध्ये तर ते जवळपास ठरलेलंच, कारण तिथे पिस्टन आणि वॉल्व्हमध्ये जागाच नसते. तपासणीसाठी बेल्ट तात्पुरता चढवावा लागतो, आणि चढवताना उरलेसुरले वॉल्व्हही वाकू शकतात, म्हणून क्रम पाळा. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडा. चारही स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने हलकं फिरतं. क्रँक पहिल्या सिलिंडरच्या वरच्या टोकावरून ९० अंश मागे घ्या. चार सिलिंडरच्या इंजिनात या स्थितीत चारही पिस्टन मध्यावर असतात, वॉल्व्हला कोणी अडवत नाही. मग कॅमची पुली फिरवून तिची खूण जुळवा आणि शेवटी क्रँक परत वर आणून त्याची खूण जुळवा. मारुती ८०० किंवा जुन्या ऑल्टोच्या तीन सिलिंडर इंजिनाला हा उपाय जसाच्या तसा लागू होत नाही, कारण तिथे तिन्ही पिस्टन एकाच वेळी मध्यावर येतच नाहीत. तिथे कॅम अगदी सावकाश, अडकतंय का बघत फिरवायचा.

जुना बेल्ट दात गेलेला असल्याने या चाचणीसाठी दुसरा एखादा वापरलेला पण अखंड बेल्ट चालेल. तो चढवून क्रँकच्या बोल्टवर पाना लावून हाताने दोन पूर्ण फेऱ्या द्या. कुठेही टणक अडलं तर थांबा, जोर लावू नका. मोकळं फिरलं तर बॅटरी परत जोडून कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजायचं मीटर) लावा. चार सिलिंडरमधला फरक १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर तुम्ही सुटलात. एखाद्यात आकडा शून्याजवळ असेल तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा बघा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंग कमजोर आहेत, न चढला तर वॉल्व्ह. त्याच भोकातून कॉम्प्रेसरची हवा सोडून कान लावला की कोणता वॉल्व्ह तेही कळतं: हवा सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, एअर फिल्टरच्या बाजूने आली तर इनटेक. फक्त त्या वेळी तो पिस्टन कॉम्प्रेशनच्या वरच्या टोकाला असला पाहिजे आणि गाडी न्यूट्रलमध्ये.

वॉल्व्ह वाकले असतील तर हेड उतरेल. तेव्हा वाकलेले वॉल्व्ह, सगळी स्टेम सीलं, हेड गॅस्केट आणि आवळताना ताणले जाणारे, एकदाच वापरायचे असतील तर हेडचे बोल्ट नवे. वॉल्व्ह सरळ करून वापरणं म्हणजे पैसे वाचवण्याचा चुकीचा प्रकार, त्याचं डोकं पुढे तुटून पिस्टनमध्ये जातं. गाइडमध्ये नवा वॉल्व्ह डुगडुगतो का हे बघा, मग लॅपिंग (वॉल्व्ह बैठकीवर घासून बसवणं), मग हेडचं फेसिंग (खालची सपाटी) तपासा. गाडी सोळा-सतरा वर्षांची आहे, त्यामुळे हेड उघडण्याचा खर्च करायचा की नाही, हे बॉडी बघून ठरवा. किनाऱ्यावरच्या गाडीत पुढच्या सस्पेन्शनची टॉवर आणि खालचे सिल पॅनल गंजले असतील तर इंजिनावर पैसे घालू नका.

वॉल्व्ह ठीक असतील तर काम सोपं. घ्यायच्या वस्तू: बेल्ट, टेन्शनर पुली, टेन्शनरची स्प्रिंग, आयडलर (बेल्टला वळण देणारी मोकळी पुली) असेल तर तोही, कॅमचं आणि क्रँकच्या पुढच्या बाजूचं ऑइल सील, टेन्शनरचे बोल्ट, आणि बाहेरचा फॅन बेल्ट. शक्यतो नावाजलेल्या बेल्ट कंपनीचा सीलबंद किट घ्या. सुट्या पुलीची खात्री देणं कठीण. नव्या बेअरिंगची परीक्षा उलटी असते. बोटाने फिरवल्यावर थोडं जड आणि मुकं फिरलं पाहिजे. भिंगरीसारखं गरगर फिरत असेल तर आत ग्रीस नावालाच आहे. बेल्टवर तारीख छापलेली असते, ती वाचा. दुकानात खिळ्याला टांगून ठेवलेला किंवा वेटोळं करून रबर बँड लावलेला बेल्ट नको. घरी आणल्यावरही मुडपायचा नाही, उलटा करायचा नाही.

ज्या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवर चालतो तिथे पंपही त्याच वेळी बदला, मजुरी एकदाच लागते. पंप गळण्याचं आमच्याकडचं ठळक कारण म्हणजे रेडिएटरमध्ये ओतलेलं विहिरीचं पाणी. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, आणि ते क्षार पंपाचं सील आणि पाती खातात. गळलेलं पाणी बेल्टवर येतं, पुढचं सांगायला नको. तयार कूलंट घाला किंवा डिस्टिल्ड पाण्यात कूलंट अर्धं-अर्धं.

बसवताना पुल्यांवरचा गंज वायर ब्रशने काढा, ऑइलचा अंश ब्रेक क्लीनरने पुसा, पण बेल्टवर काहीही मारू नका. इंजिनाला जॅकचा आधार देताना चेंबरखाली लाकडी फळी ठेवा. खुणा जुळवा आणि त्याशिवाय पांढऱ्या रंगाची स्वतःची खूणही करा. बेल्ट क्रँककडून सुरू करून टेन्शनरच्या विरुद्ध बाजूने, ती बाजू ताठ ठेवत, कॅमवर चढवा आणि शेवटी टेन्शनरकडे या. स्प्रिंग लावा, बोल्ट मोकळे ठेवा आणि स्प्रिंगला तिचं काम करू द्या. दोन बोल्टांवर बसणाऱ्या टेन्शनरमध्ये आधी लांबट खाचेतला बोल्ट आवळायचा, मग बिजागरीचा. उलटं केलं तर बोल्टबरोबर टेन्शनर फिरतो आणि बेल्ट नको तितका ताणला जातो. क्रँक नेहमीच्या दिशेने दोन पूर्ण फेऱ्या फिरवा आणि खुणा पुन्हा बघा. कॅमच्या पुलीला ४० दात धरले तर एक दात म्हणजे कॅमचे ९ आणि क्रँकचे १८ अंश. एवढ्या चुकीवरही गाडी चालू होते, पण चढणीला ओढत नाही, पेट्रोल जास्त पिते आणि फिटर प्लग, कॉइल, पंप बदलत बसतो. सगळ्यात लांब मोकळ्या पट्ट्याच्या मध्यावर बेल्ट दोन बोटांत धरून पिळला तर कसाबसा ९० अंश फिरला पाहिजे. हा अंदाज फक्त अशा हाताने ताण लावायच्या टेन्शनरसाठी, आपोआप ताण घेणाऱ्यांसाठी नाही. मग खालचं कव्हर, आणि त्याचे सगळे बोल्ट. गॅरेजमधून निघण्याआधी खाली वाकून ते स्वतः बघा.

सील बदलूनही काही महिन्यांत पुन्हा ऑइल आलं तर सीलवर खापर फोडू नका. इंजिनाच्या श्वासाची नळी चोंदली की आतला दाब वाढतो आणि ऑइल सगळ्यात कमजोर सीलमधून बाहेर पडतं. ती नळी आणि तिचा वॉल्व्ह साफ करणं फुकटचं काम आहे.

वेगळ्या गाड्यांबद्दल थोडं. रेनॉचं १.५ डिझेल, जे लोगन, व्हेरिटो, डस्टर, सनीमध्ये आलं, त्यात बाहेरचा फॅन बेल्ट फाटला की त्याच्या झिंज्या क्रँक पुलीमागून टायमिंगच्या कव्हरमध्ये ओढल्या जातात आणि टायमिंग बेल्ट उडवतात. या इंजिनात फॅन बेल्टची विरलेली कड दिसली की ताबडतोब बदला. त्याचा टेन्शनर काट्याचा, म्हणजे ताण काट्याने दाखवणारा असतो. तो पुस्तिकेतल्या दिशेनेच फिरवायचा, उलट फिरवून काटा खुणेवर आणला तरी ताण चुकीचाच. डस्टरच्या १.६ पेट्रोलमध्ये क्रँकच्या पुलीला चावीची (खाचेत बसणाऱ्या लोखंडी तुकड्याची) पकड नाही, ती नुसत्या बोल्टच्या दाबावर धरते. तिथे क्रँकचं टोक तेलकट राहिलं तर पुली सरकून टायमिंग बिघडतं. इनोव्हाच्या २.५ डिझेलमध्ये टेन्शनर हायड्रॉलिक. त्याच्या दांड्याभोवती ऑइल दिसलं तर तो संपला. दाबायचा तर प्रेसमध्ये उभा धरून अगदी सावकाश, मग पिन घालायची, आणि बेल्ट पूर्ण बसेपर्यंत पिन काढायची नाही. डॅशबोर्डवरचा टी-बेल्टचा दिवा फक्त किलोमीटर मोजतो. बेल्टची तब्येत त्याला कळत नाही, वर्षं तर मोजतच नाही. इंडिकाच्या १.४ डिझेलसारख्या इंजिनांत तोच बेल्ट डिझेल पंपही फिरवतो, त्यामुळे दातांवरचा भार पेट्रोलपेक्षा जास्त. तिथे चालढकल नको. स्विफ्टच्या १.३ डिझेलमध्ये बेल्ट नाही, चेन आहे, म्हणून तिच्या मालकांनी हे वाचून घाबरायचं कारण नाही.

कुठलीही गाडी साकवावरच्या पाण्यात घालून इंजिन पाणी पिऊन बंद पडली असेल, तर ती नंतर सुरळीत चालली तरी टायमिंग बेल्ट बदला. पिस्टनच्या वर पाणी अडून क्रँक क्षणात थांबतो तेव्हा दातांना बसलेला हिसका बाहेरून दिसत नाही.

किती किलोमीटरवर? जुन्या गाड्यांच्या पुस्तिकांत साधारण ६०,००० ते १,००,००० किमीच्या दरम्यानचा आकडा असतो. महिन्याला चार-पाचशे किमी चालणाऱ्या, समुद्राच्या वाऱ्यात उभ्या असणाऱ्या गाडीसाठी तो आकडा निरुपयोगी आहे. तुमच्या गाडीसाठी मी चार वर्षं किंवा ४०,००० किमी, जे आधी होईल ते, असं धरीन, आणि पुस्तिकेत त्याहून कमी असेल तर ते. मधल्या काळात वर्षातून एकदा, पाऊस ओसरला की दिवाळीच्या आधी, वरचं कव्हर उघडून बघा. चार-पाच बोल्ट आणि १० चा पाना, दहा मिनिटांचं काम. बेल्टची पाठ, कडा, लाल भुकटी, ऑइलचा ओलावा, आणि खाली सोडणं-सुपाऱ्या. बदलल्याची तारीख आणि किलोमीटर कव्हरवर पेंट मार्करने लिहून ठेवा, बिलं हरवतात.

भावाला दोन गोष्टी सांगून ठेवा. गाडी पंधरवड्यातून एकदा तरी दहा-पंधरा किमी चालवायची, जागेवर चालू करून बंद करायची नाही. आणि काही महिने उभी राहिली असेल, जशी शिमग्यानंतर गणपतीपर्यंत राहते, तर चावी मारण्याआधी क्रँकच्या बोल्टवर पाना लावून दोन फेऱ्या हाताने द्यायच्या.

पुन्हा कधी रस्त्यात असं बंद पडलं आणि स्टार्टर नेहमीपेक्षा हलका, सुर्रकन फिरतोय असं वाटलं, तर बेल्ट गेलाय हे समजा आणि चावी सोडा. धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये चालू करायचा प्रयत्न नको, वाचलेले वॉल्व्हही त्यात जातात. हे आंबोली किंवा करूळ घाटात उतरताना झालं तर ब्रेक हलका करणारा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो, त्यानंतर पॅडल दगडासारखं होतं. ब्रेक जातो असं नाही, पण दोन्ही पायांचा जोर लागतो. म्हणून पहिल्याच दाबात गाडी डोंगराच्या कडेला घ्या, आणि टो करताना न्यूट्रलमध्येच.